गजकर्णाची गोळी आणि घरातला औषधांचा डबा

तुम्ही महाराष्ट्रात असाल, गोव्यात असाल, नाहीतर बडोदा, इंदूर, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली यांपैकी कुठे. आजचा विषय तुमच्या घरापासून फार लांबचा नाही. मराठीत आपण ज्याला गजकर्ण किंवा नायटा म्हणतो, हिंदीत दाद म्हणतात, गुजरातीत धाधर, तेलुगूत तामर, त्या आजाराच्या पोटात घ्यायच्या गोळ्यांबद्दल आज बोलायचं आहे. जांघेत, कमरेला, काखेत, पोटावर गोल चट्टा उठतो. कडा लाल, खवलेदार आणि किंचित उचललेली; मधली त्वचा जराशी साफ. खाज एवढी, की चारचौघांत बसणं नको वाटतं आणि रात्री झोप लागत नाही.

मी त्वचारोगाचा दवाखाना चालवते. या आजाराबद्दल मला दोन प्रश्न सतत विचारले जातात. पहिला, "डॉक्टर, ही गोळी लिव्हर खराब करते म्हणतात, खरं का?" दुसरा, "मेडिकलमधून मीच दोन स्ट्रिप आणल्यात, चालेल ना?" पहिला माणूस घाबरून गोळी अर्ध्यात सोडतो. दुसरा मुळीच घाबरत नाही, आणि घरातल्या चौघांना तीच गोळी वाटतो. नुकसान दोघांचंही होतं.

खरी गोष्ट या दोघांच्या मधली आहे. योग्य आजारावर, योग्य मात्रेत घेतलेल्या या गोळ्या बहुतेक निरोगी माणसांना सोसतात. धोका येतो तो मुख्यतः दोन वाटांनी. एक म्हणजे आपल्या शरीराची अशी माहिती, जी आपण डॉक्टरांना सांगितलेली नसते. दुसरी म्हणजे घरातल्या औषधांच्या डब्यात आधीपासून असलेल्या गोळ्या, ज्यांचा आपण उल्लेखही केलेला नसतो. म्हणून आज माझं एकच सांगणं आहे: गजकर्णाची गोळी सुरू करण्याआधी तो डबा उघडा.

आधी बघू या, गोळी लागते का

प्रत्येक खाज बुरशीची नसते. इसबाचे चट्टे गोल असू शकतात, सोरायसिसचेही. त्यांना बुरशीची गोळी देऊन काही उपयोग नाही. शंका असेल तेव्हा एक सोपी तपासणी करतात. चट्ट्याच्या कडेवरचे खवले हलकेच खरवडून काचपट्टीवर घ्यायचे, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बुरशी असेल तर तिचे तंतू दिसतात. केओएच तपासणी म्हणतात ती हीच. आजार पुन्हापुन्हा येत असेल किंवा लांबलचक औषध सुरू करायचं असेल, तर "ही तपासणी करायची का?" असं डॉक्टरांना जरूर विचारा.

एखाद-दुसरा छोटा, नवा चट्टा असेल तर बहुतेक वेळा बुरशीचं साधं मलम पुरतं. ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं. गोळी लागते ती आजार अंगभर पसरला असेल तेव्हा, बरा होऊन पुन्हा उलटला असेल तेव्हा, किंवा तो डोक्याच्या केसांत वा नखांत असेल तेव्हा. केसाच्या मुळापर्यंत आणि नखाच्या खालपर्यंत मलम पोचत नाही.

आता तुम्ही विचाराल, पूर्वी तर नायटा दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जायचा, मग आताच एवढ्या गोळ्या का लागतात? याचं मोठं कारण आपल्याच हातात होतं. गेली अनेक वर्षं आपल्याकडे खाजेवर जी मलमं सर्रास विकली गेली, त्यांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड मिसळलेलं असायचं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन ही त्यांची नावं. स्टेरॉइड लावलं की दोन दिवसांत खाज बसते, लाली जाते, म्हणून मलम गुणाचं वाटतं. पण स्टेरॉइडने बुरशी मरत नाही. त्वचेची लढायची ताकद दबते आणि बुरशी निवांत पसरते. मलम थांबवलं की खाज दुपटीने उलटते, आणि माणूस पुन्हा तेच मलम आणतो. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या १४ स्टेरॉइडना अनुसूची एच मध्ये घातलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही शेजाऱ्याच्या सल्ल्याने आणलेली ट्यूब अजून घरोघरी सापडते. तुमच्या ट्यूबवर शेवटी 'सोल' किंवा 'सोन' असलेलं नाव दिसलं, तर ती गजकर्णावर लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

दुसरं कारण बुरशीचं आहे. आपल्या भागात पसरलेल्या बुरशीचा एक प्रकार २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी वेगळा ओळखला. त्याचं नाव ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला तो अनेकदा दाद देत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन रुग्णांत तो सापडल्याची नोंद झाली. म्हणजे तो आता जगभर फिरतो आहे. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात २०० रुग्णांवर चार गोळ्यांची तुलना झाली, ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. आठ आठवडे रोज गोळी घेतल्यावर इट्राकोनॅझोल घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के, फ्लुकोनॅझोलने ४२ टक्के, टर्बिनाफिनने २८ टक्के आणि ग्रिसिओफल्विनने १४ टक्के रुग्ण बरे झाले. सर्वांत चांगल्या गोळीनेही शंभरातले चौतीस जण दोन महिन्यांत पूर्ण बरे झाले नव्हते.

म्हणून उपचार लांबले. गोळी दोन आठवड्यांची असते तेव्हा थोडंफार दुर्लक्ष खपून जातं. दोन महिन्यांची झाली की खपत नाही.

ही औषधं एवढी नाजूक का

जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, आपल्यापेक्षा फार वेगळे असतात. त्यामुळे त्यांना मारणारं आणि आपल्याला न दुखावणारं औषध शोधणं तुलनेने सोपं गेलं. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीची लांबची नातलग आहे. तिला मारायचं आणि आपल्याला सांभाळायचं, म्हणजे नेमका फरक कुठे आहे ते शोधावं लागतं. तो फरक सापडला पेशीच्या आवरणात. आपल्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. आजची बहुतेक औषधं हे एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत.

गोची पुढे आहे. ज्यांच्या नावात शेवटी 'कोनॅझोल' येतं, ती औषधं बुरशीतलं जे विकर, म्हणजे एन्झाइम, बंद पाडतात, त्याच कुळातली विकरं आपल्या यकृतातही आहेत. आपण घेतलेली कितीतरी औषधं काम झाल्यावर तीच विकरं मोडतात आणि बाहेर काढतात. घरातल्या मोरीसारखं समजा. पाणी येतं आणि निघून जातं. कोनॅझोलची गोळी पोटात गेली की ही मोरी थोडी तुंबते. मग तुम्ही रोज घेता तीच दुसरी गोळी, तेवढीच घेऊनसुद्धा, अंगात साचत जाते. मात्रा तुम्ही वाढवलेली नसते, तरी ती वाढल्यासारखीच होते.

ही भीती कागदावरची नाही. ॲलर्जीसाठी टर्फेनाडीन नावाची गोळी एके काळी जगभर बिनधास्त घेतली जायची. केटोकोनॅझोलबरोबर घेतल्यावर ती शरीरात साचते आणि हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात, हे लक्षात आलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या बाजारातून ती गेली. पुढे केटोकोनॅझोलच्या गोळीवरही बंधनं आली. तिच्यामुळे यकृताला गंभीर इजा होऊ शकते म्हणून जुलै २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने बुरशीवरचा तिचा वापर थांबवण्याची शिफारस केली. त्याच दिवशी अमेरिकेच्या संस्थेनेही कडक निर्बंध घातले. केटोकोनॅझोलचा शाम्पू आणि मलम यांना हे लागू नाही, ती बाहेरून लावायची औषधं आहेत. पण जुन्या चिठ्ठीवर केटोकोनॅझोलची पोटात घ्यायची गोळी असेल, तर ती चिठ्ठी आता वापरू नका.

चार गोळ्या, चार स्वभाव

दुकानात यांची ब्रँडची नावं ढीगभर असतात आणि गावोगाव बदलतात. म्हणून ब्रँडच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं मूळ औषधाचं नाव वाचायची सवय लावा. ते पुण्यात, सुरतेत आणि चेन्नईत एकच असतं.

सर्वांत जुनी ग्रिसिओफल्विन. तिचा शोध १९३९ सालचा, माणसांना पोटातून द्यायला सुरुवात झाली १९५८ मध्ये. लहान मुलांच्या डोक्यातल्या बुरशीसाठी ती अजून दिली जाते. ती रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही, स्निग्ध पदार्थाबरोबर घ्यावी लागते. दूध किंवा तुपाचा घास असलेलं जेवण चालतं. ती घेताना उन्हात त्वचा लवकर भाजते.

दुसरी टर्बिनाफिन. जेवणाआधी किंवा नंतर, कशीही चालते. ज्यांना यकृताचा जुना किंवा चालू आजार आहे त्यांना ती देत नाहीत, आणि मूत्रपिंडाचं काम बरंच कमी असेल त्यांनाही टाळतात. तिचा एक विचित्र दुष्परिणाम म्हणजे तोंडाची चव जाणं. क्वचितच होतो, पण जेवण नकोसं होऊन माणूस वाळत जातो. चव कमी होतेय असं वाटलं तर पहिल्या आठवड्यातच सांगा. बहुतेकांची चव परत येते, पण त्याला काही आठवडे ते महिने लागू शकतात.

तिसरी फ्लुकोनॅझोल. जेवणाशी संबंध नाही. ती बरीचशी लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना मात्रा कमी करावी लागते. काही डॉक्टर ती आठवड्यातून एकदा देतात. 'आठवड्यातून एकदा' आणि 'रोज एकदा' यांत गल्लत होऊ देऊ नका. चिठ्ठीवर वार लिहून घ्या: "दर रविवारी".

चौथी इट्राकोनॅझोल, आज सर्वांत जास्त लिहिली जाणारी. तिची नेहमीची कॅप्सूल विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. म्हणून ती पोटभर जेवणानंतर लगेच घ्यायची. सकाळी चहा-बिस्किटावर घेतली तर पैसे वाया जातात आणि आजार बरा होत नाही. कॅप्सूल फोडून अर्धी करू नका. हल्ली 'सुबा' या प्रकारातली इट्राकोनॅझोल मिळते. तिच्यावरचा मिलिग्रॅमचा आकडा कमी असतो, कारण ती जास्त चांगली शोषली जाते. म्हणून साधी संपली म्हणून सुबा, किंवा उलट, अशी अदलाबदल दुकानात उभ्या उभ्या करू नका.

इट्राकोनॅझोलबद्दल एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवा. ती हृदयाच्या आकुंचनाची ताकद कमी करू शकते. ज्यांचं हृदय कमजोर आहे, ज्यांना 'हार्ट फेल्युअर' झालं आहे किंवा पूर्वी झालं होतं, त्यांना त्वचेच्या किंवा नखाच्या बुरशीसाठी ही गोळी देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध संस्थेने २००१ सालीच दिला. म्हणजे इको तपासणीत पंपिंग कमी आलेलं असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना तो कागद सोबत न्यायचा. 'त्वचेचं दुखणं आहे, हृदयाचं काय सांगायचं?' असं समजू नका.

आता डबा उघडू या

आपल्या घरात हा डबा असतोच. बिस्किटाचा, मिठाईचा, कोणाचा प्लास्टिकचा. त्यात सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, आईच्या साखरेच्या, कोणाच्या थायरॉइडच्या, ॲसिडिटीच्या. एकेक बघू या.

ॲसिडिटीची कॅप्सूल. सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल घेणारे लाखो लोक आहेत, आणि ती औषधांतच धरायची नसते असं अनेकांना वाटतं. पण तिच्यामुळे पोटातलं आम्ल घटतं आणि इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल नीट शोषलीच जात नाही. पातळ औषध घेत असाल तर तेही कॅप्सूलनंतर निदान दोन तासांनी घ्या. आणखी एक बघा. आपल्याकडे ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये अनेकदा डोम्पेरिडोन हे उलटीचं औषध मिसळलेलं असतं. डोम्पेरिडोन आणि इट्राकोनॅझोल एकत्र घ्यायचंच नसतं, हृदयाची लय बिघडू शकते. त्या कॅप्सूलच्या नावापुढे 'डी' हे अक्षर असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा.

साखरेच्या गोळ्या. मेटफॉर्मिनला फारसा त्रास नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांबरोबर फ्लुकोनॅझोल आली की साखर एकदम खाली जाऊ शकते. साठीतल्या एका काकांचं उदाहरण सांगते. त्यांनी नायट्यासाठी ओळखीच्या दुकानातून फ्लुकोनॅझोल आणली आणि रोज घ्यायला लागले. चार-पाच दिवसांनी संध्याकाळी घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. घरच्यांना वाटलं उन्हाने झालं. ग्लुकोमीटर घरात होता म्हणून कळलं की साखर उतरली आहे. मधुमेहींना गजकर्ण जास्त होतं, त्यामुळे ही गाठ पुन्हापुन्हा पडते. अशा वेळी साखर रोज तपासायची आणि साखरेच्या गोळीची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यायची.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्या. सिमव्हास्टॅटिन आणि इट्राकोनॅझोल एकत्र चालत नाहीत. ॲटॉरव्हास्टॅटिन असेल तर डॉक्टर ती कमी करतात, बदलतात किंवा काही आठवडे थांबवतात. नाहीतर स्नायू मोडायला लागतात. अंगभर स्नायू दुखणं आणि लघवी चहासारखी काळपट होणं, ही त्याची खूण. रोसुव्हास्टॅटिनशी हा संघर्ष बराच कमी आहे. पण बदल तुमच्या मनाने करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून करा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. वॉर्फरिन घेणाऱ्यांत फ्लुकोनॅझोलने रक्तस्राव होऊ शकतो. स्टेंट बसवल्यावर दिली जाणारी टिकाग्रेलॉर इट्राकोनॅझोलबरोबर चालत नाही. रिव्हारोक्साबान, अपिक्साबान यांच्याबाबतही विचारूनच.

बीपीची ॲम्लोडिपिन. इट्राकोनॅझोलबरोबर तिचा परिणाम वाढून पाय सुजू शकतात, बीपी उतरू शकतं.

झोपेची किंवा घबराटीची गोळी. अल्प्राझोलाम नेहमीच्याच मात्रेत घेऊनही माणूस सकाळी उठू शकत नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर पडून हाड मोडण्याची भीती.

दम्याचा पंप. बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा पंप वर्षानुवर्षं सोसलेला असतो. इट्राकोनॅझोल दीर्घकाळ घेतली की तेच स्टेरॉइड अंगात साचून चेहरा सुजल्यासारखा गोल होऊ शकतो, साखर वाढू शकते. पंपाला लोक औषध मानत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते.

अर्धशिशीची गोळी. तिच्यात अर्गोटामिन असेल तर इट्राकोनॅझोलबरोबर हातापायांचा रक्तपुरवठा धोक्यात येतो.

क्षयाची औषधं. इथे उलटं घडतं. रिफाम्पिसिन यकृतातली मोरी जास्तच मोकळी करते आणि इट्राकोनॅझोल काम करण्याआधीच निघून जाते. शिवाय क्षयाच्या काही गोळ्यांचा यकृतावर स्वतःचाच भार असतो. फिटच्या गोळ्यांचंही, म्हणजे फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनचं, असंच काहीसं आहे.

मनोविकाराच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्यांशी टर्बिनाफिनचंही भांडण होतं, उदाहरणार्थ ॲमिट्रिप्टिलिन आणि मेटोप्रोलॉल. म्हणजे 'कोनॅझोल नाही, मग सगळं सुरक्षित' असंही नाही.

ही यादी पाठ करू नका. पाठ करणं माझं काम आहे. तुमचं काम एवढंच, की डब्यातलं सगळं मला दाखवायचं. आयुर्वेदिक काढा, व्यायामशाळेतली पावडर, कोणी दिलेली वजन कमी करायची गोळी, हेसुद्धा.

बायकांनी आणि पुरुषांनी

गरोदरपणात या गोळ्या त्वचेच्या बुरशीसाठी टाळतात, तेव्हा बाहेरून लावायच्या औषधांवर काम भागवतात. दिवस गेल्याची शंका असेल, तर आधी तपासणी आणि मग गोळी. इट्राकोनॅझोल घेत असाल तर उपचार चालू असताना आणि संपल्यावर दोन महिने दिवस राहू नयेत याची काळजी घ्या. ग्रिसिओफल्विनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. ती संपल्यावर बायकांनी निदान एक महिना आणि पुरुषांनी सहा महिने मूल होऊ देऊ नये. पुरुषांना ही गोष्ट कुणी सांगतच नाही, म्हणून इथे सांगितली. अंगावर पाजणाऱ्या आईने तेही डॉक्टरांना सांगावं.

हे प्रश्न विचारायला अनेक मुली लाजतात, विशेषतः सासू सोबत आली असेल तर. अशा वेळी एक चिठ्ठी लिहून आणा आणि डॉक्टरांच्या हातात द्या. आम्हाला ती पुरते.

रक्ततपासणी आणि धोक्याच्या खुणा

महिनाभर किंवा जास्त गोळी चालणार असेल, वय झालं असेल, दारूची सवय असेल, कावीळ होऊन गेली असेल, लठ्ठपणा वा मधुमेहामुळे यकृतावर चरबी असेल, तर सुरुवातीला यकृताची रक्ततपासणी करून घ्यायची, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. तपासणी नॉर्मल आली म्हणजे पुढे काही होणारच नाही, असं नाही. म्हणून खुणा माहीत हव्यात.

भूक एकदम जाणं, सारखी मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं, कारण नसताना गळून जाणं, लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे दिसणं: गोळी लगेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. इट्राकोनॅझोल घेताना पायाला सूज, चढताना धाप, झोपल्यावर श्वास कोंडणं, चार दिवसांत वजन वाढणं: हेही तसंच. आणि अंगावर फोड, तोंड आलेलं, डोळे लाल, सोबत ताप, असं झालं तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. हे फार क्वचित होतं, पण झालं तर तासांचा हिशोब असतो.

उपचार चालू आहे तोवर दारू नको. "एखादा पेग चालेल का?" याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: गोळी संपू दे.

एखादा दिवस गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

लवकर सोडणं आणि वाटून घेणं

आता पहिल्या माणसाकडे, घाबरून गोळी सोडणाऱ्याकडे येते. दहा-बारा दिवसांत खाज थांबते. अनेकांना वाटतं झालं, उगाच लिव्हरवर भार कशाला. पण खाज थांबली तेव्हा बुरशी संपलेली नसते, अर्धमेली असते. महिन्याभरात ती परत येते आणि मग पुन्हा पहिल्यापासून गोळ्या. यकृताची काळजी म्हणून सोडलेली गोळी शेवटी यकृताला जास्तच गोळ्या पचवायला लावते. शंका आली तर मध्येच भेटा, तपासा, पण न विचारता सोडू नका.

औषध वाटून घेण्याबद्दलही. सून बंगळूरला, सासू-सासरे सोलापूरला. सुनेला गुण आला म्हणून चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर सासऱ्यांना जातो. त्यामागे प्रेम असतं, मला कळतं. पण तिच्या डब्यात एकही गोळी नव्हती आणि त्यांच्या डब्यात सात आहेत. तीच गोळी तिला औषध आहे आणि त्यांना दवाखान्यात भरती करू शकते. फोटो पाठवायचाच असेल तर सासऱ्यांच्या डब्याचा फोटो त्यांच्या डॉक्टरांना पाठवा.

घरात इतरांना चट्टे असतील तर सगळ्यांना एकाच वेळी दाखवा, नाहीतर बुरशी घरात फिरत राहते. टॉवेल, पंचा, अंतर्वस्त्रं वेगळी ठेवा, कपडे उन्हात कडक वाळवा, घट्ट जीन्स काही आठवडे कपाटात राहू द्या. याने गोळ्यांचे दिवस कमी होतात, आणि सुरक्षिततेचा त्याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

मुलांची मात्रा वजनावर ठरते. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका.

शेवटी, आज रात्री जेवण झाल्यावर एक काम करा. तो डबा खाली काढा. प्रत्येक स्ट्रिपचं मूळ औषधाचं नाव, किती आणि कधी घेता, हे एका वहीच्या पानावर लिहा. खाली चार ओळी टाका: यकृताचा त्रास, हृदयाचा त्रास, मूत्रपिंडाचा त्रास, गरोदरपण, पुढे हो किंवा नाही. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं एक पान. बहुतेक घरी याला अर्धा तास पुरतो. ते पान पाकिटात ठेवा. गजकर्ण असो, दात काढायचा असो, परगावी अचानक ताप येवो. समोरच्या डॉक्टरांना तुमची भाषा येत नसली, तरी औषधांची नावं त्यांना वाचता येतील.

तुमचे प्रश्न असतील तर घेऊ या.